घाट, गिअर आणि नववीचा पीटीचा तास

(आपल्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू आयटीतली आहेस, तेव्हा ए.आय.वर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी शुभ प्रभातसोबत माझ्यापेक्षा जास्त माहिती येते. मी पळण्यावर बोलते. पलीकडे जरा शांतता पसरली. मग आवाज आला, "बोल, पण जेवणाच्या आधी संपव." तेवढी अट पाळते.

गेली चार वर्षं मी आपल्या गावची डोंगरी शर्यत पळते, सातारा हिल हाफ मॅरेथॉन. इथले बरेच जण मुंबई, बंगळुरू, दुबईला गेलेत, म्हणून थोडं सांगते. २०१२ साली गावातल्याच पळणाऱ्या मंडळींनी ती सुरू केली. त्याच वर्षी कास पठाराला युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. अंतर २१ किलोमीटरच्या थोडं वर. खालच्या बाजूला सुरुवात करून शहरातून वर, समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट, कासच्या रस्त्यावर वर जाऊन वळायचं आणि त्याच वाटेनं परत. निम्मी शर्यत चढ, निम्मी उतार. पावसाळ्याच्या शेवटी असते, त्यामुळे धुकं, झिम्माड पाऊस किंवा ऊन, जे नशिबात असेल ते. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे सायकल दामटत शाळेला येणाऱ्यांना आठवत असेल की आपलं गावच मुळात चढाचं आहे. घाट सुरू व्हायच्या आधीच गावानं पाय तपासलेले असतात.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ही कुठं पळायला लागली? शाळेत तर हिनं कधी लिंबू-चमच्यात पण भाग घेतला नाही.

बेचाळिसाव्या वर्षी कंपनीच्या तपासणीत माझं एचबीए१सी ६.३ आलं. ज्यांना हा आकडा माहीत नाही ते भाग्यवान. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ६.५ म्हणजे उंबरठा ओलांडला. कागद हातात आला तेव्हा मला त्यात माझा आकडा दिसला नाही, बाबा दिसले. तुमच्यातले बरेच जण त्यांना ओळखायचे. एसटीचे ड्रायव्हर, कासच्या रस्त्यावरसुद्धा गाडी नेलेले. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत पायाची बोटं काढावी लागली आणि त्रेसष्टाव्या वर्षी ते गेले. शेवटच्या वर्षी ते खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत असायचे. आयुष्यभर चालवणाऱ्या माणसाला ते बसणं फार जड गेलं.

डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी पाषाणच्या टेकडीवर चालायला लागले. तिथं पहाटे काही बायका पळताना दिसायच्या, माझ्याच वयाच्या, काही तर माझ्याहून मोठ्या. एक दिवस त्यांच्यातल्या एका काकूंनी विचारलं, "त्या झाडापर्यंत येणार का?" झाड दोनशे मीटरवर होतं. तिथून आजपर्यंत.

सहा महिन्यांनी आकडा ५.८ वर आला. जेवणही बदललं होतं, तेव्हा सगळं श्रेय पळण्याला देणार नाही. आणि मी डॉक्टर नाही. आपल्यातल्या कुणाला बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल त्यांनी माझं ऐकून उद्या घाटात जाऊ नये, आधी तपासून घ्यावं. आपल्या वर्गातले दोघं आज या सभागृहात नाहीत आणि दोघंही पन्नाशीच्या आतच गेले. म्हणून हे गमतीत घेऊ नका एवढंच म्हणते.

आता घाटाकडे येते. घाटाचं पहिलं शास्त्र मला बाबांनी शिकवलं, पळण्यासाठी नव्हे, गाडीसाठी. ड्रायव्हर लोकांचा नियम असतो: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. चढावर वरच्या गिअरचा हट्ट धरला तर इंजिन घुसमटतं. उतारावर गिअर सोडून नुसत्या ब्रेकवर राहिलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. पळणाऱ्याचं अगदी हेच आहे.

चढावर पाऊल लहान करायचं, पावलांचा ठेका तोच ठेवायचा. घड्याळातला वेग बघायचा नाही, श्वास बघायचा. शेजारणीशी एक वाक्य सलग बोलता येत असेल तर गिअर बरोबर आहे. दोन शब्दांवर दम तुटत असेल तर खाली या, चाला. घाटात चालणं म्हणजे हार नव्हे, तो पहिला गिअर आहे. यवतेश्वरच्या चढावर मी दरवर्षी चालते, आणि काही तरुण मुलं जी समर्थ मंदिरापाशी मला झपकन मागं टाकतात, ती वरच्या वळणावर कठड्याला टेकून उभी असलेली भेटतात.

चढ किती महाग पडतो याचा हिशेब मी केला. सवयच आहे. सपाटीवर पळताना माणूस किलोमीटरमागे, किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी खर्च करतो. म्हणजे ६० किलोच्या बाईला किलोमीटरला ६०. आता तेच ६० किलो १०० मीटर उंच उचलायचे, तर आठवीतलं सूत्र: वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. ६० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे ५८,८०० ज्यूल. हे झाले १४ किलोकॅलरी. पण शरीर हे काही फार काटकसरी यंत्र नाही. चारातला एक भाग कामाला, तीन भाग उष्णतेला. म्हणजे प्रत्यक्षात ५६ लागतात. थोडक्यात, प्रत्येक १०० मीटर चढाई म्हणजे एक जादा किलोमीटर. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत आणि मान हलवत आहेत, म्हणजे गणित बरोबर असावं.

आता गणिताच्या सरांसाठी एक उदाहरण. काळ, काम, वेग. एक बाई १० किलोमीटरचा घाट ताशी ६ किलोमीटर वेगानं चढते आणि ताशी १० किलोमीटर वेगानं उतरते. सरासरी वेग किती? मागच्या बाकावरून लगेच "आठ" आलं. तीस वर्षांत काही बदललं नाही. उत्तर साडेसात. चढायला १०० मिनिटं, उतरायला ६०, एकूण १६० मिनिटांत २० किलोमीटर.

पुढचा प्रश्न जास्त मजेचा आहे. तीच बाई घाट ताशी ४ नं चढली, तर सरासरी ८ येण्यासाठी तिनं किती वेगानं उतरायला हवं? करा हिशेब. २० किलोमीटर ताशी ८ नं म्हणजे दीडशे मिनिटं. आणि १० किलोमीटर ताशी ४ नं चढण्यातच दीडशे मिनिटं संपली. उतरायला वेळच उरला नाही. ती विमानानं उतरली तरी सरासरी ८ येत नाही.

हे गणित मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी सराव बदलला. चढाचा वेग ६ चा ७ केला तर १४ मिनिटं वाचतात. उताराचा १० चा ११ केला तर जेमतेम साडेपाच. आमच्या कामातही हाच नियम. प्रोग्रॅमचा जो भाग सगळ्यात जास्त वेळ खातो तो आधी सुधारायचा, बाकीचा कितीही चकाचक केला तरी फरक पडत नाही. म्हणून मी रविवारी सिंहगडचा गाडीरस्ता धरते. उताराकडून वसुली होईल ही आशा धरत नाही. चढावर जे गेलं ते उतार परत देत नाही, हे वाक्य लक्षात ठेवा. मला शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

उताराबद्दल दोन शब्द, कारण खरी दुखापत तिथं होते. चढावर छाती बोलते, उतारावर मांड्या. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात, शरीराला ब्रेक लावत असतात. त्यातून स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. पहिल्या शर्यतीनंतर सोमवारी ऑफिसचा जिना मी कठड्याला धरून, आडवी होत, खेकड्यासारखी उतरले होते. गंमत अशी की हे स्नायू शिकतात. एकदा उताराचा सराव झाला की पुढचे काही आठवडे तसलाच उतार पुष्कळ कमी दुखवतो. म्हणून शर्यतीआधी उतरण्याचाही सराव करायचा. टाच पुढे आपटून ब्रेक मारायचा नाही, लहान, झटपट पावलं टाकायची, बुटांची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधायची. नाहीतर अंगठ्याची नखं काळी होतात.

आणि गुडघे. मी पळते म्हटल्यावर दहातले नऊ जण पहिलं वाक्य हेच बोलतात, "या वयात गुडघे जातील." २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा मिळून एक आढावा प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्याची झीज हौशी पळणाऱ्यांत साडेतीन टक्के, बैठं आयुष्य असणाऱ्यांत दहा टक्क्यांच्या थोडं वर आणि स्पर्धात्मक, व्यावसायिक पातळीवर पळणाऱ्यांत तेरा टक्क्यांच्या वर. म्हणजे अति केलं तर त्रास आहे, पण आपल्यासारख्यांचे गुडघे पळण्यापेक्षा सोफ्यावर जास्त जातात. हौशी माणसंच मुळात धडधाकट असतात म्हणून आकडा कमी, असंही कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य असू शकतं. पण "पळालं की गुडघे गेले" हे सरसकट विधान मात्र टिकत नाही.

गेल्या वर्षी मला २ तास ५५ मिनिटं लागली. जिंकणारे तोवर घरी जाऊन, आंघोळ करून, कंदी पेढे खाऊन झोपलेले असतात. पण एक गोष्ट सांगते. परत येताना समर्थ मंदिरापाशी आई उभी होती. पंच्याहत्तर वर्षांची, हातात छत्री, पिशवीत केळी. मला वाटलं ती म्हणणार, पुरे आता, चल घरी. ती माझ्याबरोबर वीस-पंचवीस पावलं भरभर चालली आणि म्हणाली, "आमच्या वेळी हे असतं तर मी पण आले असते गं." मी केळं घेतलं आणि पुढं गेले. पण ते वाक्य शर्यत संपेपर्यंत डोक्यात होतं आणि आज इथं उभी आहे ती त्याच वाक्यामुळे.

"आमच्या वेळी हे असतं तर." आईचं सोडा, आपल्या वेळी तरी होतं का?

जगाचंच सांगते. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. बायकांना हे झेपत नाही म्हणून ती बंद केली, ती १९६० पर्यंत. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर नंबर लावून पळत होती, तर शर्यतीचा एक अधिकारी तिचा नंबर ओढून काढायला मध्ये धावला. ऑलिंपिकमध्ये महिलांची पहिली मॅरेथॉन झाली १९८४ साली. म्हणजे तेव्हा आपण बालवाडीत होतो. त्याच ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. आणि मग आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय. माणच्या दुष्काळी रस्त्यावर तयार झालेले पाय आहेत ते.

आता आपली नववी आठवा. आठवड्यात दोन पीटीचे तास. मुलं मैदानात. मुली कुठं? कडुलिंबाखाली, गोल करून, गणिताची वही पुरी करत. पीटीच्या सरांनी आम्हाला कधी पळू नका म्हटलं नाही. सर, तुम्ही समोर आहात म्हणून मुद्दाम सांगते, तुम्ही उलट बोलवायचात. कुठल्याच शिक्षकांनी अडवलं नाही. अडवावं लागतच नव्हतं. ओढणी होती, चपला होत्या, कपडे बदलायला खोली नव्हती, महिन्यातले चार दिवस होते आणि त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. आणि मैदानाच्या कडेला तुम्ही सगळे होता रे, हसायला. तुम्हालाही कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. हे फक्त आपल्या शाळेत होतं असंही नाही. त्या काळातल्या कुठल्याही गावात गेलात तर झाड वेगळं असेल, मुली झाडाखालीच असणार.

आता सगळं बदललं असेल असं आपल्याला वाटतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी एक तास हालचाल हवी. संघटनेच्याच संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के मुलींना तेवढी मिळत नव्हती. मुलगेही काही फार पुढं नाहीत, ७८ टक्के. काल संध्याकाळी मी शाळेत येऊन गेले. मैदानावर मुलं क्रिकेट खेळत होती. मुली कुठं होत्या ते मी सांगत नाही, तुम्हीच सोमवारी जाऊन बघा.

हाडांची बहुतेक सगळी भरती अठरा-वीस वर्षांपर्यंत होऊन जाते. त्यानंतर आपण जपतो, फारसं मिळवत नाही. म्हणजे नववी-दहावीची वर्षं हा चढ आहे. तिथं जी मुलगी बसून राहिली तिनं चाळिशीत कितीही पळापळ केली तरी सरासरी भरून निघत नाही. मघाचं गणित आठवा. चढावर जे गेलं ते उतार परत देत नाही.

म्हणून आता मुद्द्याचं बोलते. संयोजक माझ्याकडे बघायला लागलेत, पण अजून जेवणाची घंटा झालेली नाही.

मेळाव्यासाठी आपण वर्गणी काढली, ती शिल्लक राहते आहे. ग्रुपवर तीन आठवडे चर्चा चालली आहे की त्यातून शाळेला आपल्या तुकडीच्या नावाची कमान बांधायची. कमानीला माझा राग नाही. ज्यांनी ते सुचवलं त्यांचं शाळेवर प्रेम आहे, आणि त्यांनी वर्गणीही माझ्यापेक्षा जास्त दिली आहे. पण कमानीखालून मुलगी आत आली आणि पुन्हा कडुलिंबाखालीच बसली, तर आपण शाळेला काय दिलं?

माझं म्हणणं साधं आहे. एक, मैदानाशेजारच्या जुन्या सामानाच्या खोलीत मुलींसाठी कपडे बदलायची जागा करावी. दार, कडी, नळ, आरसा आणि कचऱ्याची झाकणाची बादली. दोन, आठवी ते दहावीच्या ज्या मुलींना हवे असतील त्यांना बूट आणि पळण्याचे योग्य कपडे द्यावेत, आतले सुद्धा. होय, मी माइकवर बोलते आहे, खाली बघू नका. त्याच कपड्यांअभावी आमच्यातल्या निम्म्या जणी पळाल्या नाहीत. तीन, आठवड्यातून दोन सकाळी मुलींचा पळण्याचा तास, आणि त्याला आपल्यातल्या, गावात राहणाऱ्या दोन-तीन मैत्रिणींनी आळीपाळीनं हजर राहायचं. शिकवायला नाही. नुसतं त्यांच्याबरोबर असायला. पहिलं वर्ष मीही महिन्यातून एक शनिवार पुण्याहून येईन. हे बोलून दाखवलं आहे आणि स्मरणिकेत छापलं जाणार आहे, तेव्हा मला मागं फिरता येणार नाही.

यातली प्रत्येक मुलगी ललिता बाबर व्हावी असं मी म्हणत नाही. तिला पळताना आपला दम कळावा, आपला गिअर कळावा, एवढंच. ते एकदा कळलं की माणूस घाटाला घाबरत नाही, मग तो रस्त्यावरचा असो की घरातला की नोकरीतला. मला ते बेचाळिसाव्या वर्षी कळलं. आईला पंच्याहत्तराव्या वर्षी छत्री धरून पंचवीस पावलांत कळलं. चौदाव्या वर्षी कळायला काय हरकत आहे?

निर्णय तुमचा. दुपारच्या बैठकीत कमानीचा ठराव येईल तेव्हा माझा ठरावही मांडला जाईल, अनुमोदन मिळालं आहे. विरोधात बोलायचं असेल त्यांनी खुशाल बोलावं, पण आधी माझ्याबरोबर समर्थ मंदिरापर्यंत चालत यावं. पळत नाही, चालत. जेवणानंतर तेवढं बरंच.

घंटा झाली.